भाऊजींच्या आवाजाची गठाण

माझे भाऊजी अकोटात बोलले की अंजनगावात लोक दार उघडून बघत, कोण आलं म्हणून. मधलं अंतर तुम्ही नकाशात पाहाल आणि मला खोटं ठरवाल. खुशाल ठरवा. नकाशा काढणाऱ्यानं भाऊजींना ऐकलं नव्हतं.

आवाज असा व्हायला कारणही होतं. भाऊजींचा सारा जन्म जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेला. एका अंगाला कापसातून सरकी निघते, दुसऱ्या अंगाला रुई दाबून तिची गठाण बांधतात, आणि दोन्हीकडच्या मशिनी एवढ्या बोंबलतात की शेजारच्याला 'पाणी दे' म्हणायचं तरी सभेत भाषण केल्यासारखं म्हणावं लागतं. भाऊजी प्रेसवर होते. घरी आल्यावर मशीन बंद झाली, हे त्यांच्या गळ्याला कोणी कळवलंच नाही. त्यात माणूस लंब्या फेकणारा. मी खोटं बोलत नाही, खऱ्यात थोडी हवा भरतो एवढंच. पण मी सायकलच्या पंपानं भरतो, भाऊजींकडे ट्रॅक्टरचा पंप होता.

मग गळ्याचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव राहील, आवाज राहणार नाही.

भाऊजींनी विचारलं, "पुरा नाई का थोडासा?"

"पुरा," डॉक्टर म्हणाले.

भाऊजींनी सदऱ्याची बटणं लावून घेतली. मग म्हणाले, "थांबून करा मंग. माह्या गोठी बाकी हायेत."

डॉक्टर कसले थांबतात! पण ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतचे दिवस तेवढे हाती होते. माझी भाची तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती कॉलेज सोडून अकोटला आली, लॅपटॉपला एक स्वस्तातला माइक लावला आणि बापासमोर ठेवला. भाऊजींच्या गोष्टी सुरू झाल्या. सकाळी चहा घेऊन बसायचे ते ताई ताट घेऊन उभी राहीपर्यंत. गल्लीतले लोक आपापल्या खुर्च्या घेऊन यायचे. त्या दिवसांत तिथल्या म्हशींनी दूध जास्त दिलं म्हणतात. मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी तिथंच होतो. पोरीनं लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली आणि काही अक्षरं बडवली. भाऊजींनी खुर्ची ओढली.

"काय करून राहिली वं?"

"तुमच्या साऱ्या गोठीची एक गठाण बांधून राहिली, बाबा. सुट्या फायली इकडंतिकडं हरवतात."

झालं! गठाण म्हटल्यावर भाऊजी तज्ज्ञ. अक्षर न् अक्षर विचारून घेतलं त्यांनी. टार हे प्रेसचं नाव. सी म्हणजे बांध. झेड म्हणजे दाब. एफ म्हणजे गठाणीवर नाव टाक. आणि नावापुढं, कोणता माल भरायचा ते. भाऊजींनी मान डोलावली. "जमते. आमच्यासारखंच हाये. फक्त घाम नाई."

"पण बाबा, आवाज कापसासारखा दबत नाही. साइज फारशी कमी झाली नाही पाहा."

आतून ताई म्हणाली, "त्याह्यले जल्मात कोनी दाबलं नाही, तुही मशीन काय दाबते!"

ती गठाण पेनड्राइव्हवर गेली. पुढं भाचीचा लॅपटॉप अमरावतीच्या खोलीवर एका उन्हाळ्यात जो बंद पडला तो पडलाच, आणि जगात भाऊजींचा आवाज तेवढ्या त्या नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये उरला. ताईनं तो कुंकवाच्या करंड्यात ठेवला. कोणी ऐकायचं नाव काढलं नाही. भाऊजींनी तर नाहीच.

भाऊजी बरे झाले. गळ्यात पांढरी चिटुकली पाटी आणि मार्कर लटकवून हिंडू लागले. बोलणं गेलं, भांडणं गेली नाहीत. एकदा एस्टीत सुट्या पैशांवरून कंडक्टरशी अकोट ते अकोला लिहून भांडले आणि जिंकले, कारण कंडक्टरनं चष्मा आणला नव्हता.

तर यंदाच्या थंडीत एका सकाळी ताई आणि भाऊजी माझ्या दुकानासमोर रिक्षातून उतरले. अकोल्यात माझं लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर एवढा म्हातारा, की बटण दाबून मी समोरच्या गाडीवर चहा पितो, एका गिऱ्हाइकाशी भांडतो, त्याच्याशी समेट करतो आणि परत येतो, तेव्हा कुठं त्याचे डोळे उघडतात. विंडोज त्याला झेपेना म्हणून भाचीनंच त्यावर लिनक्स बसवून दिलं. तेव्हापासून मी बाजारात सांगतो, की अख्ख्या वऱ्हाडात लिनक्स कळणारे दोनच जण, आणि दुसरी माझी भाची.

ताईनं पिशवीतून करंडा काढला, करंड्यातून पेनड्राइव्ह. त्याला कुंकू लागलेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

भाऊजींनी पाटीवर लिहिलं, 'माहा आवाज आयकाचा हाये.'

"आजच काहून?"

त्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं. 'कसा होता ते इसरून राहिलो.' परत पुसलं. 'सपनात बोलतो तं तुहा आवाज येते. मले पटत नाही.'

एरवी मी याच्यावर तासभर बोललो असतो. म्हटलं असतं, नशीब समजा, चांगला आवाज मिळाला. पण भाऊजींचा हात पाटीवर तसाच राहिला होता आणि ताई बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी होती. मी गुपचूप कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि भाचीला फोन लावला.

ती आता अमरावतीतच नोकरीला आहे. कुजबुजत बोलली, "मामा, मी मीटिंगमध्ये आहे. थोड्या वेळानं करते. तोवर हात नका लावू कशाले."

"मी हात लावीन? मी?"

"तुमालेच सांगून राहिली."

मी खरंच हात लावला नाही. पेनड्राइव्ह पुसून खोचला, काळी खिडकी उघडून पेनड्राइव्हच्या आत जाऊन उभा राहिलो, आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक पत्रिकेवरचा गणपती उजव्या सोंडेचा पाहिजे म्हणून आलं. मी त्याला सोंडेचा महिमा सांगत होतो. मागं टक, टक, टक असा आवाज आला. वळून पाहिलं तर माझ्या खुर्चीवर भाऊजी. एका बोटानं, प्रेसचा खटका दाबावा तसे, एकेक अक्षर दाबत होते.

मी ओरडलो, "भाऊजी, थांबा!"

त्यांनी हात वर करून मलाच थांबवलं. मग पाटी उचलून लिहिलं, 'ज्या चाबीनं कुलूप लागते, त्याच चाबीनं उघडते.'

आता याला तुम्ही काय उत्तर द्याल? मला पटलं. पडद्यावर टार होतं, पुढं सी, झेड, एफ, मग गठाणीचं नाव. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशीची अक्षरं त्यांच्या बोटांनी जपून ठेवली होती. भाऊजींनी एंटर मारलं.

क्षणात एक ओळ आली. मी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. इंग्रजीच होती, पण अर्थ असा निघत होता, की टार भित्रेपणानं नकार देत आहे, रिकामी गठाण बांधणार नाही.

"काय म्हनते?" ताईनं दारातून विचारलं.

"भित्रा म्हणते."

"कोनाले?"

भाऊजींची पाटी तोवर वर आली होती. 'कोनाले भेकड म्हनते बे?' आपल्या गोठीत बिबट्याला लेडीज सायकलनं पळवून लावणारा माणूस, त्याला एका खोक्यानं भित्रा म्हणावं! त्यांनी बाह्या सावरल्या, दोन बोटं कीबोर्डवर ठेवली. पुन्हा तेच, आणि या खेपेला पुढंही काहीतरी लिहिणार होते, कारण ओळ अपुरी राहिली हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. गठाणीत भरायचा माल लिहायचा राहिला होता.

फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"मामा, काय केलं?"

"मी काही नाही केलं. तुह्या बाबानं बांधायचीच अक्षरं दिली. सी, झेड, एफ."

"सी?" आवाजच बदलला तिचा. "नावापुढं काही टाकलं होतं का? टिंब, चांदणी, काही?"

"नाही. नुसतं नाव. तर ते म्हणते मी भित्रा हाये, रिकामी गठाण..."

मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, कीबोर्डवरून हात काढा. काढले?"

भाऊजींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. पोरीच्या या आवाजाला ते लगेच ऐकतात.

"सी म्हणजे नवीन गठाण. त्याच नावाची नवीन बांधायला सांगितली, तर ते जुनी पुसून त्या जागी नवीन बांधते. विचारत नाही. पुढं 'इथलं सारं भर' म्हणून नुसतं एक टिंब टाकलं असतं ना, तर... भरायला माल नव्हता, म्हणून ते भ्यालं. म्हणून वाचलं."

भाऊजींनी पाटी पुसली. ताई दारातून आत आली आणि स्टुलावर बसली. बाहेर गणपतीवालं गिऱ्हाईक डाव्या सोंडेला राजी होऊन कधीचं निघून गेलं होतं.

आमच्या दोन्ही घराण्यांत भित्रं कोणी नाही, म्हणजे तसं कबूल करणारं कोणी नाही. पण त्या दिवसापासून मला भित्रा माणूस भेटला की मी त्याला चहा पाजतो.

पुढं भाचीनं आम्हाला लहान पोरांसारखं बोटाला धरून चालवलं. आधी गठाणीची एक कॉपी माझ्या कॉम्प्युटरवर. "झाली? आता दुसरी." दुसरीही झाली. मग सीच्या जागी टी. टी म्हणजे गठाणीच्या पट्ट्या न तोडता आत काय आहे ते दाखव. मी एंटर मारलं आणि पडद्यावर वरून खाली नावं ओघळू लागली. 'बिबट्या आणि लेडीज सायकल.' 'पूर्णेचा पूर आणि आमची म्हैस.' 'मामांचं लग्न, खरी हकीकत.' ती ओळ मी हातानं झाकली, पण तोवर भाऊजींनी वाचली होती.

सगळं होतं. एकही गोठ कमी नव्हती.

"आता एक रिकामा फोल्डर बनवा, त्यात जाऊन सोडा," भाची म्हणाली. "नाहीतर बाबाच्या गोठी तुमच्या पत्रिकांमंधी सांडतीन, आणि कोनाच्या तरी लग्नाले बिबट्याच्या नावानं आमंत्रण जाईन."

गठाणीच्या पट्ट्या तोडल्या की रुई कशी उसळून खोलीभर होते, हे प्रेसवाल्याला सांगायची गरज नव्हती. भाऊजींनीच बोटानं खूण केली, आधी जागा कर. मी फोल्डर केला.

"एक्स," भाची म्हणाली. "एक्स म्हणजे सोड. नीट पाहून."

मी एक्स दाबलं. तिघांनी पाहिलं. ताईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, तरी तिनंही वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा तो फुलीवाला नं? मंग बरोबर." मी एंटर मारलं. म्हातारा कॉम्प्युटर घरघरला, पंखा फिरला, आणि जरा वेळानं काही न बोलता गप्प झाला. टारची तऱ्हाच तशी आहे म्हणे. काम झालं की मिरवत नाही. आमच्या वऱ्हाडात चालणार नाही.

फोल्डरमध्ये फायली पसरल्या होत्या.

"कोणती लावू?" मी विचारलं. भाऊजींनी पाटी घेतली, ठेवली, आणि पहिल्याच नावावर बोट ठेवलं. ताईनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा रस्त्याकडे वळून बसली, जणू तिचं इथं काही काम नाही.

मी लावलं.

आधी खरखर. कपबशीचा आवाज. मग माझ्या दुकानाचं शटर थरथरलं. शेजारच्या टेलरला विचारा, तोही थापा मारतो पण एवढ्यापुरतं खरं सांगेल.

"चालू झालं का वं? हे लाल दिसून राहिलं म्हनजे चालू? बरं. तं आयका. त्या दिवशी माह्यापाशी सायकल होती, अन् तेही लेडीज, अन् समोरून आला बिबट्या. आता बिबट्या म्हनजे कसा? हा एवढा! नाई नाई, एवढा नाई, थो तं त्याचा पोट्टा..."

समोरच्या गाडीवरचा चहावाला गाळणी हातात घेऊन बघू लागला. भाऊजी पुढं झुकून ऐकत होते, एखादा अनोळखी माणूस ओळखीचा निघतोय का ते बघावं तसे. हळूहळू त्यांचे ओठ हलू लागले, शब्दाला शब्द लावून.

तेवढ्यात ताई रस्त्याकडे तोंड ठेवूनच फटकन म्हणाली, "हळू बोला ना जी! बाजारात बसले हो आपन. लोक म्हनतीन भांडन लागलं."

मग तिची तीच वळली. स्पीकरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. भाऊजींचे खांदे गदागदा हलत होते. ते हसत होते, आवाज नव्हता, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्यांनी हात लांब केला, स्पीकरचा आवाज वाढवायची कळ धरली, आणि ताईकडे बघत बघत ती शेवटपर्यंत फिरवली.