केजच्या सायकली, फ्रान्सचे द्राक्षमळे

किस्से जमवायचे म्हणून कुणी सायकल चालवत नाही. पण चार माणसं रोज सकाळी सोबत पेडल मारायला लागली, की किस्से आपोआप मागच्या कॅरिअरवर येऊन बसतात! दुकानात गिऱ्हाईक नसलं की मला एखादा आठवतो, मी एकटाच हसतो, आणि बायको आतून विचारते, "कोण आलंय?" परवा तीच म्हणाली, "असं एकट्यानं हसण्यापेक्षा चार लोकांना सांगून टाका. बाजारात लोक वेगळंच बोलायलेत."

म्हणून सांगतो.

आमचा ग्रुप बीड जिल्ह्यातल्या केजचा. माझं कापडाचं दुकान. शेजारी मन्मथअप्पांचं किराणा. अप्पा म्हणजे गळ्यात इष्टलिंग, शुद्ध शाकाहारी, दारूच्या दुकानावरून जायचं झालं तर रस्ता क्रॉस करणारे. तिसरे बाबुरावतात्या, शेतकरी आणि माजी सरपंच. 'माजी' म्हटलेलं त्यांना चालत नाही. आणि शोभाताई, जनावरांच्या डॉक्टर. आमच्यातला कुणी चढाला धापा टाकायला लागला, की त्या म्हशीकडं बघावं तसं बघतात.

शोभाताईंची भाची केतकी फ्रान्सला नोकरी करते. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, इथं द्राक्षमळ्यांतून फक्त सायकलींचे रस्ते आहेत. गाडी नाही, हॉर्न नाही, धूळ नाही. सगळ्यांना घेऊन ये ना!"

मावशीनं स्पीकर चालू ठेवलेला होता. तिथंच सगळं ठरलं.

*

प्रॅक्टिस पाहिजे म्हणून आम्ही दर रविवारी घाटनांदूरपर्यंत जायला लागलो. अडचण एवढीच, की घाटनांदूर ही अप्पांची सासुरवाडी.

आता जावई दर रविवारी सासुरवाडीला, तेही सायकलवर, तेही सोबत डॉक्टर घेऊन! शोभाताई कुणाच्या डॉक्टर, हे लांबून कुणाला दिसतंय? एक जीपवाला गाडी हळू करून म्हणाला, "अप्पा, सासरे लईच सिरियस हायेत का?"

अप्पा चढावर होते. दम लागलेला. बोलता येईना, म्हणून त्यांनी नुसता हात हलवला.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर दारात चपलांचा ढीग! थेट तलवाड्याहून पाव्हणे आलेले. सासरे स्वतः बाहेर आले, हातात कुणीतरी आणलेली केळी. म्हणाले, "जावईबापू, हात जोडतो. एक तर येऊ नका, न्हाईतर जीपनं या. सकाळधरनं मला बघायला मानसं यायलीत, आन् त्यांना चहा मीच करून देतोय!"

*

व्हिसाच्या खिडकीवर एक मराठी मुलगी होती. तिनं अप्पांना विचारलं, "फ्रान्सला कशासाठी चाललात?"

"सायकल चालवायला."

"आणि?"

"आन् काय न्हाई."

"काका, सायकल चालवायला फ्रान्स? तुमच्याकडं रस्ते नाहीत का?"

अप्पा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. म्हणाले, "न्हाईत."

*

तिथला पहिला दिवस मी विसरणार नाही. कालव्याच्या कडेनं रस्ता, वर झाडांची सावली, दोन्हीकडं लांबपर्यंत द्राक्षाच्या ओळी. आवाज फक्त आमच्या चेनचा. मला तर वाटलं, आपले कान आज पहिल्यांदाच सुट्टीवर आलेत.

तात्यांना मात्र ती शांतता सोसेना. थोडं पुढं गेले की थांबायचे, मागं बघायचे. शेवटी केतकीला म्हणाले, "पोरी, आज हितं बंद पुकारलाय का?"

"नाही तात्या, रोज असंच असतं."

"मोर्चा? रास्ता रोको?"

"नाही हो!"

तात्यांनी गमजानं तोंड पुसलं. "मंग हितले पुढारी दिवसभर करतेत काय?"

*

त्या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक सायकलवाला 'बोंजूर' म्हणतो. ओळख असो-नसो. अप्पा लाजायचे, मान खाली घालायचे. तात्या मात्र प्रत्येकाला हँडल सोडून, दोन्ही हात जोडून म्हणायचे, "रामराम!"

केतकी म्हणाली, "तात्या, बोंजूर म्हणा ना."

"त्यांनी त्यांचं म्हनावं, आमी आमचं म्हनतो. बिघडलं का काय?"

दुसऱ्या दिवशी एक म्हातारं जोडपं पुन्हा समोरून आलं. आदल्या दिवशीचंच. तात्यांना बघताच म्हातारीनं लांबूनच दोन्ही हात सोडले, ब्रेक लावायचा राहिला, आणि ती थेट गवतात गेली. आम्ही धावलो. शोभाताईंनी हात-पाय हलवून बघितले. सगळं ठीक!

म्हातारी गवतात बसल्याबसल्या हात जोडून म्हणाली, "गामगाम!"

*

एका मळ्याच्या मालकिणीनं आम्हाला वाईन चाखायला तळघरात नेलं. अप्पा दारातच उभे. त्यांच्यासाठी तिनं साधा द्राक्षाचा रस आणला. अप्पांनी तो आधी हुंगून बघितला, मग शोभाताईंना हुंगायला लावला, मग मला. तिघांची खात्री झाल्यावर घोट घेतला.

तिथली पद्धत अशी, की घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. एवढी महागाची वाईन लोक थुंकतात हे बघून अप्पांचा चेहरा उजळला. मला म्हणाले, "शहानी मानसं हायेत बरं का प्रकाश! चूक झाली की लगेच सुधारतेत!"

तात्यांना मात्र ते अजिबात पटलं नाही. "दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्या बाईच्या समोर थुकायचं? आपल्यात ही रीत न्हाई!" त्यांनी प्रत्येक घोट आदरानं गिळला. मालकिणीला वाईट वाटू नये म्हणून शोभाताईंचा पण गिळला.

बाहेर आल्यावर थोड्याच वेळात तात्या सायकलवरून उतरले आणि सायकल हातानं ढकलायला लागले. कपाळावर घाम.

"तात्या, काय झालं?"

"चढ लई हाय बे!"

रस्ता कालव्याच्या कडेनं होता. शेजारी पाणी एकदम स्थिर उभं होतं.

*

दुपारी तिथलं गावच्या गाव बंद होतं. एका खेड्यात किराणा दुकान दिसलं म्हणून अप्पा मोठ्या आशेनं गेले, तर दाराला कडी. काचेतून आत बघितलं. दुकानवाली बाई टेबलावर कापड अंथरून, नवऱ्यासमोर बसून निवांत जेवत होती.

अप्पांनी काच वाजवली. बाईनं घड्याळाकडं बोट दाखवलं, हसली, आणि पुन्हा जेवायला लागली.

"गिऱ्हाईक दारात उभं आन् ही जेवतीया!" अप्पा चिडले. पण तिथून हलेनात. बराच वेळ काचेतून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "प्रकाश, दुकान टाकल्यापासून आपन गरम जेवन कधी खाल्लंय रे?"

मी पण काचेला नाक लावलं.

परत आल्यापासून अप्पा रोज दुपारी शटर ओढून घरी जेवायला जातात. काकू खूश आहेत. बाजाराला मात्र पटत नाही. पहिल्याच आठवड्यात तिघंजण माझ्या दुकानात आले, इकडंतिकडं बघितलं आणि कानात विचारलं, "अप्पांवर धाड पडलीय का ओ?"

*

आता शेवटच्या शनिवारचं सांगतो.

मळ्यांमधून रस्त्याला बऱ्याच वाटा फुटत होत्या. केतकी पुढं, आम्ही तिच्या मागं, तात्या सगळ्यात शेवटी. एका झाडाखाली पाणी प्यायला थांबलो, तर तात्या येईनात. थोडी वाट बघितली. मागं गेलो. रस्ता रिकामा.

तात्यांना शुगर. त्यांचा फोन माझ्या बॅगेत, गोळ्या आणि बिस्किटं शोभाताईंच्या बॅगेत. भाषा येत नाही, पत्ता माहीत नाही.

"तात्याऽऽ!" आम्ही ओरडत सुटलो. मळ्यात काम करणारी माणसं उभी राहून बघायला लागली. केतकी प्रत्येकाला थांबवून विचारत होती. सगळे नकारार्थी मान हलवायचे. अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं, एका हातानंच सायकल चालवत होते. शोभाताई एरवी सगळ्यांना धीर देणाऱ्या, पण त्या सारख्या बॅगेतून तात्यांच्या गोळ्या काढून बघत होत्या, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. गावी तात्यांच्या घरी वहिनींना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो.

एका खेड्यात शिरलो तर एका दगडी इमारतीच्या भिंतीला तात्यांची सायकल टेकवलेली! वर झेंडा.

केतकी म्हणाली, "ही इथली ग्रामपंचायत."

आत पळालो. आत लग्न चाललेलं. तिकडं सरपंचच लग्न लावतात. अंगावर पट्टा घालून सरपंचीण बाई काहीतरी वाचत होत्या. समोर नवरा-नवरी. उजवीकडं नवऱ्याची माणसं, बाकावर जागा नाही इतकी. डावीकडं दोन म्हाताऱ्या. आणि त्यांच्या शेजारी, पहिल्या ओळीत, हेल्मेट मांडीवर ठेवून, गमजा खांद्यावर नीट घडी करून बसलेले तात्या!

शोभाताई तरातरा गेल्या आणि दातओठ खात पुटपुटल्या, "तात्या! आमचा जीव जायची वेळ आली. तुमी हितं काय करायलात?"

तात्यांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला. वाट चुकलो, झेंडा दिसला. म्हनलं आपलंच हापिस, कुनीतरी पत्ता सांगंल. तर हितं लगीन."

"मग बाहेर थांबायचं ना! आत येऊन बसलात कावून?"

तात्यांनी एकदा उजवीकडच्या गर्दीकडं बघितलं, एकदा नवरीकडं.

"पोरीकडची मानसं कमी दिसली," ते म्हणाले. "मंग बसलो."

तेवढ्यात सही झाली, टाळ्या झाल्या. नवरी वळली आणि सरळ तात्यांकडं आली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडायला लागली. मग काहीतरी बोलली, भरभर, तात्यांचा हात न सोडता.

केतकीनं सांगितलं, "ती म्हणतेय, जेवल्याशिवाय जायचं नाही."

"तिला सांग," तात्या उठत म्हणाले, "आमी पाच जन हावोत."

मग आम्ही पाची जण पंगतीला बसलो. पोरीकडून.