जवसाचा निळा काठ

मी वळसंग सोडलं ते मार्गशीर्षातल्या एका सकाळी. आबा, म्हणजे माझे वडील, सोलापूरच्या रस्त्यापर्यंत पोचवायला आले होते. वाटेत आमचंच रान लागतं. शाळूच्या कडेनं जवस फुलला होता, निळाच निळा. मी सवयीनं आत शिरणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "आता रस्त्यानंच जा. पीक तुडवू नगंस." पोरगं घर सोडून चाललंय आणि ह्यांना पिकाची पडलीय! मला राग आला, आणि तो राग मी तीनचार कोस तसाच चालवत नेला. मग भूक लागली. आईनं भाकरीबरोबर जवसाची चटणी बांधून दिली होती, ती खाल्ल्यावर राग बराच उतरला.

जायचं कारण सांगायला हवं. लहानपणी मी गावातल्या भिंती गेरूच्या चित्रांनी भरून टाकल्या होत्या. आबा म्हणत, "ह्याचा हात नांगराला न्हाय." ते खरंच होतं. सोलापुरात एका तेलुगू विणकर मालकाच्या कारखान्यात माझी सोय लागली. आधी तीन वर्षं खड्ड्यातल्या मागावर बसलो, मग लुगड्यांच्या काठांची नक्षी काढायचं टेबल मिळालं. बारीक चौकड्यांचा कागद, आणि एक चौकट म्हणजे एक धागा.

मागं राहिलेल्यांनो, शहरात ऋतू नसतात असं समजू नका. असतात, पण ते सुतातून कळतात. उन्हाळ्यात सूत तटातट तुटतं, पावसाळ्यात सुताला लावलेली खळ वाळता वाळत नाही. गिरणीचा भोंगा मात्र बारा महिने एकाच सुरात ओरडतो. म्हणून सुटीच्या दिवशी उजाडलं की मी चालत गावाकडं निघायचो. सर्व्हिस मोटार सुरू झाली होती, संध्याकाळी परतताना ती धरायचो; पण जाताना नको, मोटारीतून दिसायची ती धूळच. चालताना डोकं चालायचं. कडुलिंबाच्या मोहोरावरून एक काठ निघाला, बाभळीच्या पिवळ्या गोंड्यांवरून एक, माळावरच्या तरवडावरून एक. इतरांना ह्यात काय नवल वाटावं? रस्ता माझा, पाय माझे, नक्षी फुकटची.

एका दिवाळीनंतर मालकांनी माझे कागद बाजूला सारले. "काय ओ चित्रकार, पिवळं झालं, हिरवं झालं. लगीनसराईला काही तरी नवं द्या. न्हाईतर तुमचा माग मोकळाच आहे की." तो माग टेबलावरून दिसायचा, चार हातांवर. मला पुन्हा त्या खड्ड्यात उतरायचं नव्हतं.

गाव सोडलं त्या दिवसाचा निळा रंग मला आठवला. मार्गशीर्ष लागताच गावी गेलो. दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या रानापाशी पोचलो, तर निळं काहीच नाही. पुढच्या सुटीला पुन्हा गेलो. नुसता हिरवा शाळू. मी मनाशी म्हटलं, झालं, आपण गेलो आणि ह्यांनी जवसही सोडला. गेलेल्या माणसाला असा रुसवा फार लवकर येतो. माझ्यासारखे जे गाव सोडून गेलेत, त्यांना हे ठाऊक असेल.

घरी जेवताना मी आईला विचारलंच, "जवस पेरायचा सोडलात वाटतं?"

आईचा भाकरी थापता हात थांबला. "सोडला? मग ही चटणी कशाची खातूस?"

"मग फुलं कुठं गेली?"

"आरं, तू दुपारचा येतूस की! जवस न्याहारीपातूर फुलतो. ऊन तापलं की पाकळ्या खाली. इसरलास व्हय?"

कुणब्याच्या पोराला हे सांगायला लागावं! मला खरोखर लाज वाटली. लहानपणी मी सकाळीच रानात असायचो, म्हणून माझ्या आठवणीत तो जवस दिवसभर फुललेला होता. आता मी रस्त्यावरूनच बघून पुढं जात होतो, आणि फूल नसलेला जवस म्हणजे नुसती बारीक काडी, ती शाळूपुढं कशी दिसणार? गाव बदललं म्हणून मी रुसलो, आणि बदलली होती ती माझी पोचायची वेळ.

दुसऱ्या दिवशी काम होतं, तरी राहिलो. सकाळी कागद घेऊन रानात गेलो. आबा आधीच तिथं होते. "हितनं ये, बांधावरनं," ते म्हणाले, "आन् बस निवांत." मी काढत गेलो, तशी फुलं गळत गेली. निम्मी तर माझ्या कागदावरच पडली. म्हणून काठात तेच धरलं: एक कळी, एक फूल, आणि एक सुटलेली पाकळी.

खाडा केला म्हणून मालक भडकले. मग कागद बघत उभे राहिले. "हे कसलं फूल?" मी जवस म्हणालो. "तेलाचा जवस? असा दिसतो?" तो काठ त्यांनी माझ्याच जुन्या मागावर चढवला. माझं टेबल वाचलं.

पहिलं लुगडं आईला नेऊन दिलं. तेव्हा ठरवलं होतं, आता आदल्या दिवशीच यायचं आणि सकाळ गाठायची. दोनतीनदा जमलंही. मग काठ खपायला लागला, काम वाढलं, आणि मी पुन्हा दुपारचा झालो.

परवा गेलो, तर आई तेच लुगडं नेसून बांधावर उभी होती. मी ओशाळून म्हणालो, "आजही उशीरच झाला." तिनं काठ अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाली, "आसू दे. आता तू दुपारचा आलास तरी चालतंय. ही गळत न्हाईत."

ती माझी समजूत घालत होती. मला मात्र त्या घडीला माझी ती न गळणारी फुलं नकोशी वाटली; त्यांनी माझ्या उशिराला माफी देऊन टाकली होती. घर अजून तिथंच आहे, सकाळचं. मी दुपारी पोचतो, एवढंच.