टेकडीवरचं की वाळूवरचं?

परमेश्वराने जगातली प्रत्येक वस्तू जोडीने निर्माण केली आणि ती केवळ माझ्या बायकोच्या मामांना तुलना करता यावी म्हणून केली, याबद्दल आमच्या घरात आता कोणालाही शंका उरलेली नाही. मामा एक टोस्टर कधी आणत नाहीत. दोन आणतात, दोन्हींवर आठवडाभर पाव भाजतात, जिंकलेला ठेवून घेतात आणि हरलेला, आतले कण नीट झटकून, दुकानात परत करून येतात. "वापरलेली वस्तू हसत हसत परत घेतात, जावईबापू! ह्याला म्हणतात सुधारलेला देश," असं त्यांनी मला अमेरिकेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा पुण्याहून सांता क्लाराला नोकरीसाठी नुकताच आलो होतो. मामा मला विमानतळावर घ्यायला आले. घर दिसू लागलं, मी हुश्श केलं, तर ह्यांनी गाडी परत हायवेकडे वळवली. का, तर दुसऱ्या रस्त्याने किती वेळ लागतो तेही एकदा बघून घेऊ. मागच्या सीटवर मामी शांतपणे डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना सवय होती.

मामा मूळचे नागपूरचे. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकले, जन्मभर पुलांच्या इंजिनिअरिंगची कामं केली आणि निवृत्त होऊन सांता क्लाराला स्थायिक झाले, आमच्यापासून दोन सिग्नलवर. खुद्द मामींची निवडही आपण शास्त्रशुद्ध पद्धतीनेच केली, हे ते गणपतीच्या जेवणात, डोहाळजेवणात, एकदा तर एका अंत्यविधीनंतरच्या चहाच्या वेळीसुद्धा सांगताना मी ऐकलेलं आहे. "सुट्टी घेऊन नागपूरला गेलो. धंतोलीत दोन स्थळं. एकच दिवस, एकच गल्ली. सकाळी एक मुलगी पाहिली, दुपारी दुसरी पाहिली, शांतपणे तुलना केली आणि सकाळची निवडली!" ह्यावर मामी वाढता वाढता म्हणायच्या, "हो ना, टोस्टरसारखी. परत करायची मुदत तेवढी ह्यांच्या लक्षात राहिली नाही." मंडळी हसायची. मामा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचे.

अशा माणसाच्या हाती टाइमशेअर लागावं, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या ठिकाणी वर्षातला एकच आठवडा विकत घ्यायचा. उरलेलं वर्ष ते घर इतरांचं. शिवाय आपला आठवडा देऊन त्याबदल्यात दुसऱ्या गावचा आठवडा घेता येतो. मामांनी डोंगरातला एक आठवडा घेऊन ठेवला होता तो ह्या अदलाबदलीसाठीच. त्याआधी त्यांनी टाइमशेअर विकणाऱ्यांची फुकट जेवणाची भाषणं इतकी ऐकली होती की विकणारी मुलं त्यांना बघून मागच्या दाराने पळायची. लोक तिथे भेटवस्तूच्या लोभाने जातात आणि भाषण कधी संपतं ह्याची वाट बघतात. मामांचं उलट. भाषण संपलं की ह्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. पलीकडच्या कंपनीच्या पायऱ्यांची उंची कमी आहे, तुमची का जास्त? एका बिचाऱ्याने तर शेवटी भेटवस्तू स्वतः मामांच्या गाडीत नेऊन ठेवली आणि दारही लावून दिलं.

तर हवाईला जायचं ठरलं. बेट ठरलं, किनारा ठरला आणि नेमकी त्या किनाऱ्यावर दोन रिसॉर्टं शेजारीशेजारी निघाली. एक टेकडीवर, एक खाली वाळूवर. झालं! पुढची दीड वर्षं आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. वाळूवरच्याला लाटा जवळ, पण टेकडीवरच्याला वारा. खालच्याची बाल्कनी रुंद, पण वरच्याचं स्वयंपाकघर मोठं. मामा तिथे फोन करून रिसेप्शनवरच्या बाईंना विचारायचे की पुढच्या बर्नरवर पाच लिटरचा प्रेशर कुकर नीट बसतो का. प्रेशर कुकर म्हणजे काय, हे त्या बाईंना समजावण्यात अर्धा तास जायचा. मग खालच्या रिसॉर्टच्या बाईंना तेच परत समजावायचं, कारण तुलना न्याय्य व्हायला हवी. दोन आठवड्यांत दोन्हीकडच्या बायका मामांना आवाजावरून ओळखू लागल्या. एकीने तर मामींच्या गुडघ्यांची चौकशीही केली म्हणे.

ह्या सगळ्यात मामींना काय हवं होतं, ते एका दुपारी पोळ्या लाटता लाटता त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. "मला की नाही, एकच आठवडा असा पाहिजे की सकाळी उठल्यावर 'आज काय करू?' हा प्रश्नच पडायला नको. कोणीतरी काहीतरी आणून द्यावं, मी ते बसून खावं. कच्चं असलं तरी चालेल, बाई!" बायकोने ते मला सांगितलं आणि मामांच्या कानावर घालायची कामगिरीही माझ्यावर टाकली. मी आडून आडून विचारलं, "मामा, मामींना विचारलंत का, त्यांना कुठलं आवडेल?"

"काय बोलून राहिले तुम्ही, जावईबापू!" मामा थक्क झाले. "अहो, तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. चार बर्नर, डिशवॉशर, शिवाय ओटा तिच्या उंचीचा. बसल्याजागी फोनवर मापं घेतलीत मी." टेकडीवरचं रिसॉर्ट जिंकलं ते त्या स्वयंपाकघरामुळेच. दोन बेडरूम असल्याने आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं.

निघताना मामांच्या बॅगेत कुकर होता, पोहे होते, गोडा मसाला होता, कढीपत्ता होता आणि एक नारळ होता. "मामा, हवाईला नारळ?" मी म्हटलं. "असू द्या," मामा म्हणाले, "तिथले कसे निघतात बघायला आपला एक हाताशी हवा." उतरल्यावर तपासणीच्या अधिकाऱ्याने कढीपत्ता ठेवून घेतला आणि नारळ हातात घेऊन तो बराच वेळ मामांकडे नुसता बघत राहिला. नोकरीत असा माणूस त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. शेवटी त्याने नारळही ठेवून घेतला.

रिसॉर्ट सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मामा मामींना हाताला धरून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले, एकेक बर्नर पेटवून दाखवला आणि म्हणाले, "बघ! अगदी घरच्यासारखं." मामींचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी खिडकीतून एकदा समुद्राकडे बघितलं आणि कुकर बाहेर काढला. पहिल्या दिवशी वरण-भात झाला. दुसऱ्या दिवशी पिठलं झालं. तेवढ्यात मामा मला घेऊन सहज म्हणून खालचं रिसॉर्ट बघून आले आणि अस्वस्थ झाले. "तिकडचा ओटा दोन बोटं रुंद आहे हो," असं ते जेवताना तीनदा म्हणाले. समुद्राबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामी गायब. ओटा कोरडा, कुकर पालथा. मामांचं धाबं दणाणलं. आम्ही तिघं टेकडी उतरून धावत खाली गेलो, तर खालच्या रिसॉर्टच्या वाळूत, एका लांब खुर्चीवर, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन मामी आरामात पसरल्या होत्या. शेजारी कोणीतरी आणून दिलेल्या ताटात अननसाच्या फोडी आणि तळलेले बटाटे. मामा धापा टाकत म्हणाले, "अगं, इथून समुद्र नीट दिसत नाही. वरून चांगला दिसतो."

"मला दिसतोय," मामी म्हणाल्या. "दीड वर्षं त्या दोन परक्या बायकांना फोन केलेत. मला विचारलंत एकदा तरी?"

मामा मटकन वाळूत बसले. मग हळूच म्हणाले, "ॲन आर्बरला आपल्याकडे एकच शेगडी होती. बाहेर बर्फ, आत तू उभी. पोळ्या होईस्तोवर वरण गोठायचं. तेव्हाच ठरवलं होतं मी, हिला चारपेक्षा कमी बर्नर असतील तिथे उभी करायची नाही म्हणून."

"अहो, पण उभीच केलीत ना!" मामी म्हणाल्या. "बसवलीत कधी?" असं म्हणून त्यांनी ताट मामांच्या पुढे सरकवलं. माझ्या बायकोने माझा दंड धरला आणि आम्ही दोघं उगाचच शिंपले वेचायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुराच्या अलार्मने जाग आली. मामा पोहे करत होते. रखवालदार येऊन गेला, अलार्म बंद झाला, पोहे काही ठिकाणी पिवळे आणि काही ठिकाणी काळे झाले. मामींनी ते बाल्कनीत बसून, पाय कठड्यावर टाकून, संपवले. "कसे झालेत?" मामांनी विचारलं. "काय सांगू?" मामी म्हणाल्या. "तुलनेला दुसरे आहेत कुठे? जन्मात पहिल्यांदाच खातेय तुमच्या हातचे." मामा लहान मुलासारखे खूश झाले. उरलेले दिवस ते मोठं स्वयंपाकघर मामांनी सांभाळलं, म्हणजे आम्ही सगळे बाहेर जेवलो.

परतायच्या आदल्या संध्याकाळी मामा आणि मी किनाऱ्यावर फिरत होतो. चेष्टेने मी म्हटलं, "मामा, ती दुपारची मुलगी निवडली असतीत तर आज टेकडीवर सुखाने वरण-भात खाल्ला असतात." मामांनी मागे वळून मामी लांब असल्याची खात्री करून घेतली. "कोणाला बोलू नका, जावईबापू. दुपारी मी गेलोच नाही. सकाळी हिला पाहिलं आणि संपलं. तिकडे निरोप धाडला की ताप आलाय."

"मग दोन पाहिल्या असं का सांगता सगळ्यांना?"

"तिला बरं वाटतं हो," मामा म्हणाले. "पारखून आणलंय, असं वाटायला नको?"

पुढे नोकरी बदलून आम्ही रेडमंडला आलो. इथे सहा महिने पाऊस पडतो आणि मामांचा फोन आला की तेवढं ऊन पडल्यासारखं वाटतं. परवाच आला. आवाजात तोच उत्साह. "जावईबापू, ह्या वर्षी परत हवाई! दुसरं बेट. दोन जागा काढल्यात मी. एकीला..."

मागून मामींचा आवाज आला, "दोन कशाला बघताय? एकदा एकच बघून आलात, काही बिघडलं का?"

मामांचा बारीकसा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुमच्यासाठी केलेले गल्लीतल्या त्या दुसऱ्या मुलीकडचे पोहे संध्याकाळी आमच्याच घरी आले होते," मामी म्हणाल्या. "तेव्हापासून ठाऊक आहे मला."

म्हणजे इतकी वर्षं, इतक्या पंगतींत, त्या सगळं माहीत असूनही टोस्टरचा विनोद करत वाढत राहिल्या होत्या. मामांना फोनचं भान उरलं नसावं, कारण मी ऐकतोय हे विसरून त्यांनी अगदी हळू विचारलं, "मग? जागा कुठली घेऊ?"

"मला विचारताय?" मामी म्हणाल्या. त्यापुढचं चोरून ऐकणं मला बरं वाटेना. मी फोन अलगद ठेवून दिला.