चार वाक्यांचा पोस्टमन

नाटकात मला चार वाक्यं होती, आणि ते मी गावी जाऊन वडलांना, आमच्या आबांना, सांगून बसलो होतो. तेवढी एक चूक केली नसती, तर बाकीचं सगळं मी निमूट सोसलं असतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग अजून हाताला लागत होता आणि आतली टेबलं मात्र उस्मानाबादहून आलेली, जुनी, एका पायाखाली कागदाची घडी घातलेली होती. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. तशातच नव्या जिल्ह्याच्या कौतुकाचा एक कार्यक्रम आमच्या कॉलेजच्या मैदानावर ठरला आणि त्यात विद्यार्थ्यांनी नाटक करावं असं निघालं.

मराठी शिकवणारे आमचे सर नांदेडचे. नाटक त्यांनीच लिहिलं. एका कोरड्या विहिरीपायी हट्टाला पेटलेला नवरा आणि त्याची बायको, एवढीच गोष्ट. तो रोज विहीर खोल करतो, पाणी लागत नाही. शेवटी बायको त्याचं गाठोडं बांधून दारात ठेवते आणि दोघं दारात समोरासमोर उभे राहून भांडतात. सगळं नाटक त्या दारातल्या भांडणावर उभं होतं.

नवरा झाला होता एका वकिलाचा मुलगा. त्याचा आवाज चांगला होता आणि ते त्याला ठाऊक होतं. बायकोच्या कामाला एक मुलगी निवडली, तिच्या वडलांची मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः कॉलेजात आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. खुर्चीवर बसले नाहीत.

"नाटकाला आमची ना न्हाई, सर," ते म्हणाले. "पण तालीम पोरांसंगं न्हाई."

"अहो, पण नवरा-बायकोचं भांडण आहे. तालमीशिवाय कसं व्हायचं?"

"स्टेजवर होऊ द्या की. चार लोकांत खुशाल भांडू द्या. बंद खोलीत नगं."

सरांनी खूप समजावलं. ते हलेनात. मी कोपऱ्यात उभा राहून वहीत संवाद उतरवून घेत होतो, कारण माझं अक्षर बरं होतं. मला काम मिळालेलं नव्हतं. मागायला तोंड उघडायचो आणि तेवढ्यात दुसरं कुणी तरी बोलायचं.

सर हताश होऊन म्हणाले, "मग नवऱ्याची वाक्यं निदान कुणी तरी वाचायला हवीत."

मुलीच्या वडलांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्यो चालंल," ते म्हणाले. "ह्यो गरीब दिसतो."

अशी एका नाटकाची दोन नाटकं झाली. दुपारी मुलींच्या खोलीत तालीम. एक मॅडम दाराशी बसून स्वेटर विणायच्या, आणि मी नवरा. संध्याकाळी हॉलमध्ये मुलांची तालीम, तिथं मी बायको. दुपारी ती मुलगी म्हणायची, "अहो, जरा मोठ्यानं बोला की. नवरा हाव का पाव्हणा?" आणि संध्याकाळी मी हॉलच्या पायऱ्या चढलो की वकिलाचा मुलगा ओरडायचा, "सरका, सरका, वहिनी आल्या!" आठ दिवसांत होस्टेलभर माझं नाव वहिनी पडलं. पाण्याच्या रांगेतसुद्धा. "वहिनी, तुमची बादली पुढं घ्या."

त्यात हॉलची चावी ज्या शिपायाकडे असायची तो कधी सापडायचा नाही. सापडला की बरोबर सहाला होस्टेलवर टँकर यायचा. हॉर्न ऐकू आला की नवरा, सरपंच, सावकार सगळे बादल्या घेऊन पळायचे. सर स्टेजवर एकटे उभे. "अरे, एक प्रवेश तरी पुरा करा रे!" मीही पळायचो, मग ओल्या चपलांनी परत येऊन दारातलं भांडण पुन्हा पहिल्यापासून. दीड महिन्यात ते सलग एकदाही झालं नाही.

याच काळात एक दिवस सरांना माझी दया आली असावी. "तू एवढं करतोस," ते म्हणाले, "दुसऱ्या अंकात एक पोस्टमन घालू. बायकोला पत्र आणून देतो. चार वाक्यं." त्यांनी तिथल्या तिथं ती लिहिली. मी त्याच शनिवारी देवणीची गाडी धरून गावी गेलो.

आबांना वाचता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. कॉलेजात नक्की काय चालतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मलाही ते सांगता आलं नव्हतं. हे मात्र सांगता येण्यासारखं होतं.

"पोस्टमन?" आबा म्हणाले. "म्हंजी सरकारी हाय म्हण की."

"नाटकात, आबा."

"नाटकात का असंना. येतो म्या बघाया."

ते रोजगार हमीच्या कामावर होते, गावाजवळच्या पाझर तलावावर. एक खाडा म्हणजे एका दिवसाचं धान्य बुडणार होतं. मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. ते यावेत अशीच माझी इच्छा होती.

ते दुपारच्या गाडीनं आले. धुतलेला पटका बांधलेला, काखेत भाकरीचं गाठोडं. मैदानावर अगदी पुढं, जाजमाच्या कडेला जाऊन बसले. कार्यक्रम पाचचा होता. मी कॉलेजच्या शिपायाचा खाकी शर्ट घालून त्यांना दाखवायला गेलो. शर्टात माझ्यासारखे दोघं मावले असते.

"तुझं कवा हाय?"

"दुसऱ्या अंकात."

"म्हंजी किती वाजता?"

"सात वाजेपर्यंत होईल."

"साडेआठला गाडी हाय. सकाळी हजेरी हाय. बेस झालं."

पाहुणे पाचला आले नाहीत. सहालाही नाहीत. साडेसहाला आले आणि हार सुरू झाले. ज्यांना हार घातले त्यांनी भाषणं केली, आणि ज्यांनी भाषणं केली त्यांना शाली मिळाल्या. नव्या जिल्ह्यात पाणी येणार, उद्योग येणार, सगळं येणार होतं. पडद्यामागं वकिलाच्या मुलाच्या मिशा घामानं सुटायला लागल्या होत्या आणि नांदेडहून आलेला रंगभूषावाला त्या पुन्हा पुन्हा चिकटवत होता. सव्वासातला पडदा वर गेला.

पहिला अंक बरा गेला. त्यात नवरा आणि बायको समोरासमोर येतच नव्हते. मी डाव्या विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसलो होतो, खाकी शर्टातच. अंक संपल्यावर सर घाईघाईनं आले.

"पाहुण्यांना निघायचंय. दुसरा अंक कमी करा. पोस्टमन काढ."

"सर..."

"काय?"

"काही नाही."

ते "काही नाही" मला आजही ऐकू येतं. दोन शब्द बोलता आले असते. माझे वडील आले आहेत, असं. सर वाईट नव्हते, त्यांनी ठेवलाही असता पोस्टमन. पण मी वहीतलं ते पान दुमडलं आणि खाली बसलो.

पडद्याला एक भोक होतं. त्यातून पाहिलं तर आबा शेजारच्या माणसाला त्याच्या मनगटाकडे बोट करून वेळ विचारत होते. आता थांबण्यात अर्थ नाही, हे त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि पडदा पुन्हा वर गेला. वही सोडून उठता येईना. दुसऱ्या अंकात कुणी नवीन माणूस आत आला की आबा मान उंच करायचे. तो मी नसायचो. शेवटी ते उठले. पटका सारखा केला, दोनदा स्टेजकडे वळून पाहिलं आणि माणसांच्या पायांतून वाट काढत निघाले. फाटकापाशी ते पळायला लागलेले मला दिसले.

आणि मग दारातलं भांडण आलं.

इथं माझी दुसरी चूक उघडी पडली. मुलींच्या खोलीत खिडकी डाव्या हाताला होती, आणि हॉलमधला एकमेव दिवाही डाव्या हाताला. वही वाचता यावी म्हणून मी दोन्हीकडे डावीकडेच उभा राहत आलो होतो. तिच्या मनात नवरा डावीकडे, त्याच्या मनात बायको डावीकडे. दीड महिना मी दोघांना हेच शिकवलं होतं, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ती गाठोडं घेऊन दारात आली आणि डावीकडे, म्हणजे थेट माझ्याकडे वळली. नवरा उजवीकडून आला. तोही डावीकडे वळला. त्याच्यासमोर तिची पाठ होती.

"हे घ्या तुमचं गाठोडं," ती मला म्हणाली.

"कुणी बांधलं हे?" तो तिच्या पाठीला गरजला.

हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता, तोही मागून. ती दचकली आणि गप्प झाली. डोळे माझ्यावर. मी तिला वाक्य द्यायला हवं होतं. पण गोंधळला की माणूस सवयीचं करतो. मी नवऱ्याचं वाक्य बोललो, "कुणी बांधलं हे?" रोज दुपारी बोलायचो तसं. तिच्या जिवात जीव आला आणि तिनं धडाधड उत्तर दिलं. मला. त्यावर तो बोलला, ती गप्प. मी तेच पुन्हा बोललो, ती सुरू. प्रत्येक वाक्य दोनदा व्हायला लागलं, एकदा दणक्यात आणि एकदा विंगेतून.

मैदानातून कुणी तरी ओरडलं, "आरं, आत आन् एक नवरा हाय काय तिचा!"

मैदान फुटलं. पाहुणेही हसले. मी वहीनं तिला खुणावत होतो, मागं वळा, मागं वळा. अखेर ती वळली. तोपर्यंत भांडण संपत आलं होतं. सरांनी सगळं नाटक ज्या एका क्षणासाठी लिहिलं होतं, त्यात लोक डोळे पुसत होते, पण हसून.

नंतर सर माझ्याशी बोलले नाहीत. वकिलाचा मुलगा मात्र बोलला. "वहिनी, माझा संसार बुडवलात." ती मुलगी विंगेच्या कठड्याला टेकून रडत होती. तिचे वडील आत आले, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चुकलं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हणालो.

"तुझं न्हाई," ते हळू म्हणाले, आणि तिला घेऊन गेले. पुढच्या वर्षी तिनं नाटकात काम केलं, वकिलाच्या मुलाबरोबरच, आणि तालमीला तिचे वडील दाराशी बसून असायचे. त्या नाटकात मी नव्हतो.

पंधरा दिवसांनी गावी गेलो तो थेट तलावाच्या कामावर. दुपारची सुट्टी होती. माणसं बांधाच्या सावलीला भाकरी सोडून बसली होती.

"ह्याचंच नाटक," आबा सगळ्यांना म्हणाले. "मला निम्मंच घावलं. गाडी निघाली हुती, पळत जाऊन धरली." मग माझ्याकडे वळून, "तुझं काम झालं न्हवं?"

मला खोटं बोलायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"काढलं त्यांनी," मी म्हणालो. "उशीर झाला म्हणून."

आबांनी चावता चावता घास थांबवला. आमच्या शेजारची काकू मात्र म्हणाली, "मंग हितं कर की. हितं कोण काढतंय?"

मी लाजलो, नको म्हणालो, आणि मग उभा राहिलो. सगळं नाटक मला पाठ होतं, नवऱ्याचं, बायकोचं, सरपंचाचं. नवरा झालो की उजवीकडे वळायचो, बायको झालो की डावीकडे. खोदून खोदून हात सोललेली माणसं कोरड्या विहिरीची गोष्ट ऐकत होती. मधेच एक म्हातारा म्हणाला, "तितं पानी लागायचंच न्हाई. जागाच चुकलीया त्याची." दुसरा म्हणाला, "गप की, बोलू दे त्याला." मी आता पोस्टमनवर येणार, एवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली.

माणसं उठली. मीही आबांच्या शेजारी पाटी घेऊन रांगेत लागलो.

"पोस्टमन ऱ्हायला," मी म्हणालो.

"चालत चालत बोल," आबा म्हणाले.

मातीची पाटी डोक्यावर घेऊन, बांध चढता चढता मी माझी चार वाक्यं बोललो. घरात कुणी आहे का. टपाल आहे. अंगठा द्या इथं. येतो मग.

"एवढंच व्हय?" आबा म्हणाले.

"एवढंच."

"ह्याच्यासाठी खाडा केला म्या."

मागून काकूचा आवाज आला. "आरं, पर पत्रात काय हुतं?"

दीड महिन्यात हे कुणी विचारलं नव्हतं. सरांनीही नाही, मीही नाही.

"ते लिहिलंच नाही, काकू."

"लिवलंच न्हाई? मंग आणलंस कामून?"

आबा पुढं चालले होते. ते वळले नाहीत, पण हसण्यानं त्यांच्या डोक्यावरची पाटी हलायला लागली आणि माती दोन्ही बाजूंनी सांडत राहिली.