बारा दिवसांचं लुगडं

माणच्या सुभद्राबाईंना आफ्रिकेला नेण्यात अडचण एकच होती, आणि ती पासपोर्टची नव्हती. पासपोर्ट सुनेने, मंजुषाने, केव्हाच काढून ठेवला होता. अडचण होती गजरी. गजरी म्हणजे त्यांची म्हैस. सुभद्राबाईंशिवाय दुसरं कुणी धारेला बसलेलं तिला खपत नसे.

माणमध्ये आता दारात म्हैस असणं हेच मुळात नवल. जिथं सासऱ्यांची ज्वारी उभी राहायची तिथं काचेच्या इमारती झाल्या, आणि त्यांतल्याच एकीत मंजुषा आणि अजिंक्य, सुभद्राबाईंचा मुलगा, कामाला जातात. शेतं गेली, बैल गेले, बंगला आला. बाईंनी कशालाच आडकाठी केली नाही. फक्त बंगल्यामागे गोठा राहील, एवढं एकच त्या बोलल्या, आणि अशा आवाजात बोलल्या की गावाचे तंटे मिटवणारे त्यांचे यजमान आबाजीही गप्प बसले. गजरी त्या गोठ्यातल्या चौथ्या पिढीची.

बाईंचं माहेर देहूच्या अलीकडचं, इंद्रायणीकाठचं. म्हशीचं शेपूट धरून नदी पार करणाऱ्या पोरींतल्या त्या एक. म्हणूनच की काय, एका दुपारी शेंगा फोडता फोडता टीव्हीवर ओकावांगो नदी दिसली आणि त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. ही नदी समुद्राला जातच नाही. ती वाळवंटाकडे वळते, पसरते आणि तिथंच जिरते. ऐन कोरड्या दिवसांत तिला पाणी चढतं, आणि त्या पाण्यातून हत्ती पोहत या बेटावरून त्या बेटावर जातात. सोंडा वर, पिल्लू मधे. पासष्ट वर्षांत बाईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. तेव्हाही त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी मंजुषा लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. "आई, हत्ती पोहताना बघायला जायचंय आपल्याला. तुम्ही, मी आणि अजिंक्य. ऑगस्टमध्ये, बारा दिवस."

"आन् हे?"

"आबा नको म्हणतात. गुडघे दुखतात म्हणे."

"तुला हत्तीचं कुनी सांगितलं?"

"सहज सुचलं," मंजुषा म्हणाली आणि तिने नकाशा मोठा केला.

मग रोज संध्याकाळी बेत शिजू लागला. आधी माऊन नावाच्या गावात उतरायचं. तिथून चारसहा माणसांचं विमान दलदलीतल्या तंबूंपर्यंत नेणार. बॅग मऊ हवी, चाकांची चालणार नाही. होडीतून लव्हाळ्यांमधून हिंडायचं, आणि शेवटचे चार दिवस कालाहारीच्या वाळवंटात सिंह शोधायचे. कपडे मातकट रंगाचे. निळ्या-काळ्यावर चावऱ्या माश्या येतात, आणि भडक कपड्याला जनावरं बुजतात. मंजुषाने सासूसाठी दोन खाकी पँटी आणि ढगळ शर्ट आणले. बाईंनी ते लुगड्यांच्या घडीखाली ठेवले आणि रोज एकदा काढून पाहिले.

जनावर कपड्याला बुजतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. गेल्या साली मोतीबिंदूसाठी त्या दोन दिवस दवाखान्यात होत्या, तेव्हा गजरीने शेजारच्या मुरलेल्या गवळ्याची चरवी उडवून दिली आणि पान्हा चोरला तो चोरलाच. दोन दिवसांत कास दगडासारखी झाली. बारा दिवसांत मुकं जनावर काय भोगेल, या विचाराने बाईंची झोप उडाली.

"रविवारी संध्याकाळी नावं पक्की करायची आहेत," मंजुषा म्हणाली. "तोवर काहीतरी करू."

यावर जुन्या बायकांचा एक उपाय आहे. मालकीण परगावी गेली की तिचं अंगावरचं न धुतलेलं लुगडं गुंडाळून दुसऱ्याने धारेला बसायचं. म्हशीला ओळखीचा वास येतो. सोमवारी मंजुषा बसली. पण ती कंपनीतून आलेली, लुगड्याखालून सेंट दरवळत होता. गजरीने शेपटीचा एक फटका असा दिला की चष्मा आंबोणाच्या घमेल्यात पडला. अजिंक्यला त्या दिवसापासून संध्याकाळच्या मीटिंगा फार येऊ लागल्या.

बुधवारी आबाजी उठले. आबाजी म्हणजे भरघोस मिशा, पांढरी टोपी आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेण्यातही कमीपणा. सकाळ-संध्याकाळ गोठ्याच्या भिंतीला खुर्ची टेकवून पेपर वाचायचा, हे त्यांचं काम. तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत, तेव्हा ऐकू कमी येतं असंच घरात सगळे धरून चालले होते. त्यांनी बायकोचं हिरवं लुगडं लेंग्यावरून गुंडाळलं आणि पदर टोपीवरून घेतला.

"आबा, समोरच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरनं सगळं दिसतं," अजिंक्य म्हणाला.

"बघू दे. त्यांच्या बापाचं काय जातंय?"

गजरीने लाथ मारली नाही, एवढंच झालं. आबाजी मुकाट्याने बसून राहायचे, गजरी मुकाट्याने रवंथ करायची आणि चरवी कोरडीच राहायची. तीन संध्याकाळी असंच चाललं. दर वेळी शेवटी बाईंनाच जावं लागलं.

शनिवारी त्यांनी खाकी पँटी मंजुषाच्या पुढ्यात ठेवल्या. "कुनाला तरी देऊन टाक. माझं काय अडत न्हाई हत्तीवाचून." घड्या घालून घालून त्या पँटी नव्या राहिल्या नव्हत्या. मंजुषाला ते दिसलं.

रविवारी आबाजी म्हणाले, "आज तू देवळात जा. तू घरात हायेस हे तिला कळतंय, म्हनून आडतीय ती."

बाई गेल्या, पण देवळात जीव रमेना. अर्ध्या तासात त्या परतल्या. गोठ्यात जाण्याची बंदी होती, म्हणून भिंतीलगतच्या आबाजींच्या खुर्चीत टेकल्या. त्या खुर्चीत त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या.

"गजरे, सोड गं बाई. लेकराच्या वाटचं ठिवते, बाकीचं दे."

भिंतीपलीकडून आबाजी बोलत होते. जवळ बसून बोलावं इतकं स्वच्छ ऐकू येत होतं. शब्द बाईंचे होते, धार काढताना त्या गजरीशी बोलत ते; मधे दम घ्यायची जागासुद्धा त्यांचीच होती.

"म्हाताऱ्यानं आज परत आमटीला नाव ठिवलं. आन् वर दोन वाट्या पिला."

हे गेल्या आठवड्यातलं. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"शेताची मोजनी झाली त्या दिशी आमी दोघी रडलो, तुझी पणजी न् मी. घरात न्हाई रडले मी."

याला वीस वर्षं होऊन गेली होती.

"हत्ती पवत्यात गं, गजरे. एकदा डोळ्यांनी बघायचं हाय मला. कुनाला सांगू नको."

रिकाम्या चरवीत पहिली धार वाजली. मग दुसरी. हळूहळू आवाज जाड होत गेला, फेसावर धार पडू लागली की होतो तसा. बाई हलल्या नाहीत.

आबाजी चरवी घेऊन बाहेर आले. पदर खांद्यावर घसरला होता. खुर्चीत बायकोला पाहून ते जागीच थबकले.

"सगळं ऐकत व्हता? हत्तीचंबी?" बाई म्हणाल्या.

"खुर्ची हितं हाय. मी काय करू?"

"मंग इतक्या वर्सांत एकदाबी बोलला न्हाई."

"तू मला कुठं सांगत व्हतीस?" आबाजी म्हणाले.

सुभद्राबाईंना रडू आलं, आणि या वेळी त्या घरात रडल्या, नवऱ्यासमोर. मग डोळे पुसून त्यांनी मंजुषाला हाक मारली. नावं पक्की कर म्हणाल्या, आणि त्या पँटी कुणाला देऊन टाकल्या नसतील तर आण. मंजुषाच्या हातात त्या होत्याच.

निघायच्या दिवशी बाईंनी गोठ्यातल्या खुंटीला दोन लुगडी अडकवली, दोन्ही न धुतलेली. खाकी पँटीत त्यांना चालताना संकोच होत होता. आबाजींनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बरी दिसतेस म्हणाले.

"तिकडनं फोन करते," बाई म्हणाल्या. "काय काय बघितलं ते सांगीन."

"फोनवर मला नको सांगू," आबाजी म्हणाले. "आल्यावर गजरीला सांग. मी हाय भिंतीपल्याड."