साडेबाराला जाणारं चित्र

प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत कुणाच्याही टीव्हीचं चित्र गेलं की आधी चंद्रभानला हाक जाते. तो बोलावण्याची वाट बघतो असंही नाही. बावीस वर्षं वायरमनची नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस येताजाता प्रत्येक गच्चीवरची डिश, म्हणजे आमच्या भाषेत छत्री, निरखत असतो आणि मान हलवत असतो. माझी छत्री त्याच्या मते चुकीच्या दिशेला आहे. ती चालते हा निव्वळ योगायोग.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरचा टीव्ही मे महिन्यात रोज दुपारी बंद पडू लागला. बरोबर साडेबाराला पडद्यावर ‘नो सिग्नल’ यायचं. चंद्रभान तडक जिन्याकडे निघायचा आणि पहिल्याच पायरीवर त्याची मोठी बहीण आडवी यायची.

यमुताई. वय सत्तरच्या पुढे, आवाज विशीतला. यजमान गेल्यापासून त्या भावाकडेच राहतात. मागच्या उन्हाळ्यात छत्री नीट करायला भर दुपारी वर गेलेला चंद्रभान चक्कर येऊन गच्चीवरच पडला होता. दवाखान्यात सलाइनच्या दोन बाटल्या लागल्या. तेव्हापासून ताईंचा हुकूम होता, पाच वाजेपर्यंत वर जायचं नाही.

“तू काहून जातं मंग वर?” तो चिडायचा.

“मी डोक्याले दुपट्टा बांधतो गा. तू बांधतं का?” ताई विचारायच्या.

ताईंनी त्याच्यासाठी सीताबर्डीच्या बाजारातून निळ्या चौकड्यांचा दुपट्टा आणला होता, तो त्याने एकदाही डोक्याला लावला नव्हता. “बावीस वर्षं खांबावर काढली, मले ऊन काय करते!” हे त्याचं ठरलेलं वाक्य. सलाइनचा विषय निघाला की त्याला बाहेर काम आठवायचं.

ताई मात्र कुरडया उलटवायला दर तासाला वर जायच्या आणि पाचला वाळवण आवरून खाली यायच्या. मग चंद्रभान पाना घेऊन चढायचा. एखादा नट पिळायचा, वायर काढून पुन्हा लावायचा आणि वरून ओरडायचा, “आलं का?”

“आलं गा!”

येणारच. रोज यायचं. आणि रोज संध्याकाळी पानठेल्यावर आम्हाला नवा आरोपी कळायचा. कधी वायरचं टोक गंजलेलं, कधी कबुतर बसून दांडी हललेली. एकदा तर त्याने शेजारच्या कडुनिंबाची फांदी छाटायला लावली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा ‘नो सिग्नल’. त्याची झोप उडाली होती, हे मी थट्टेने सांगत नाही. गल्लीत त्याला मान होता तो याच एका विद्येपायी, आणि ती घरच्याच गच्चीवर हरत होती.

त्यातच शुक्रवार आला. एका वाहिनीच्या बायकांनी आमच्या गल्लीजवळच्या बागेत येऊन उन्हाळ्यात घ्यायच्या काळजीवर यमुताईंची मुलाखत घेतली होती. ती दुपारी एकला दिसणार होती. मुलाखतीच्या दिवशी चंद्रभान कळमेश्वरला लग्नाला गेलेला, आणि काय बोललात असं विचारलं की ताई म्हणायच्या, “टीव्हीवरच पाह्य.” ताई आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर येणार म्हणून त्याने सगळी गल्ली घरी बोलावली. खुर्च्या मांडल्या, रसना केलं.

साडेबाराला चित्र गेलं.

चंद्रभानचा चेहरा बघवेना. तो पाना घेऊन उठला तर ताई जिन्यात उभ्या. “छत्री गेली खड्ड्यात. तू वर जाशीन त मी जेवणार नाही.”

शेवटी सगळी वरात माझ्या घरी आली. माझ्या चुकीच्या दिशेच्या छत्रीवर चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. चंद्रभान दाराशी उभा राहिला, बसला नाही.

पडद्यावर ताई नव्या लुगड्यात. पन्हं झालं, खिशातला कांदा झाला. मग त्या म्हणाल्या, “सगळ्यात मोठं औषध म्हणजे वला दुपट्टा. ऊन डोक्यातच शिरते, माय.”

“घरातले ऐकतात तुमचं?” मुलाखतवाल्या बाईंनी हसत विचारलं.

“भाऊ नाही ऐकत. मागच्या साली छत्री दुरुस्त कराले वर गेला अन् पडला. मंग मीनं म्हटलं, छत्रीच बिघडली नाही त हा वर कायले जाईन? म्हणून त्याचा कोरा दुपट्टा चार घड्या करून, वला करून, रोज साडेबाराले छत्रीच्या डोक्याले बांधून राहिली मी. सुकला का पुन्हा पाणी टाकतो, पाचले सोडतो. तिलेही ऊन लागतच असंन ना.”

माझं घर हसण्याने दणाणलं. छत्रीसमोरच्या दांडीवरच्या डब्यात सिग्नल शिरतो, आणि त्यावर जाड ओलं कापड आलं की तो अडतो, हे या गल्लीला शिकवलं होतं खुद्द चंद्रभानने. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण तो हसत नव्हता. तो ताईंकडे बघत होता, आणि त्यांचं मात्र अजून टीव्हीतल्या स्वतःच्या लुगड्याकडेच लक्ष होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरावरून जात होतो. आत टीव्ही व्यवस्थित चालू होता. चंद्रभानने ओसरीत बसलेल्या ताईंसमोर तो निळ्या चौकड्यांचा दुपट्टा धरला होता.

“ताई, वला करून दे,” तो म्हणाला आणि त्याने त्यांच्यापुढे डोकं वाकवलं.