डल्सीच्या दाराआडची चावी

त्या सकाळी डल्सी ट्रेव्हेनाच्या स्वयंपाकघरात मी भोपळ्याच्या स्कोन्सचं, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावांचं, पीठ मळत होते आणि ती कप पुसत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या भावाचं, क्लॅरीचं दफन होतं. दफनानंतरचा चहा गावच्या हॉलमध्ये, हे आमच्याकडे ठरवावंसुद्धा लागत नाही. घरटी एक बशी भरून आणायची, चहा डल्सीनं करायचा. हॉलची चावी ती लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिच्याच दाराआडच्या खिळ्याला.

तेवढ्यात दार वाजलं. आम्ही दोघी चमकलोच. इथे दार कोण वाजवतं? हाक मारतात आणि आत येतात.

बाहेर नव्या कौन्सिलचा माणूस होता, जॅरड.

"मिसेस ट्रेव्हेना, हॉलचं कुलूप बदललंय. जुनी चावी न्यायला आलो."

"बदललं? कुणाला विचारून?"

"आसपासची चारही कौन्सिलं एक झाली ना, आता सगळ्या हॉलना एकच नियम. तिकडे गिलाब्रे गावातल्या मुख्य ऑफिसात दहा दिवस आधी कळवायचं."

"अस्सं! म्हणजे क्लॅरीनं मरायच्या आधी दहा दिवस फोन करायला हवा होता!"

जॅरडनं मान खाली घातली. "हॉल कौन्सिलचाच आहे हो, बाई."

"कौन्सिलचा? लाकूड माझ्या सासऱ्यांनी ओढून आणलंय, पत्रे क्लॅरीनं ठोकलेत. कौन्सिलनं रंग दिला, तोही पुढच्याच भिंतीला!"

हा राग नुसत्या कुलपाचा नव्हता. मला कारण ठाऊक होतं. कौन्सिलं एक करायची की नाही, यावरची सुनावणी त्याच हॉलमध्ये ठेवली होती, आणि नेमकी मेंढ्यांच्या बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी आमच्या भागात सभेला कोण बसतंय? सगळा गाव बाजारात. हॉलमध्ये एकटी डल्सी, बाजारकऱ्यांसाठी सँडविचं करत. शहरातून आलेले साहेब रिकाम्या खुर्च्यांसमोर तासभर बसले आणि गेले. पुढे पेपरात आलं, स्थानिकांचा विरोध नाही.

"मी त्यांना दुसऱ्यांदा चहा ओतला रे!" डल्सी ओरडली. "एकानं तरी विचारायचं, बाई, तुमचं काय म्हणणं? तोंडात माझंच सँडविच होतं ना, बोलणार कसे!"

"माझ्या हातात काही नाही हो."

"नाही? मग खिशात खुळखुळतंय ते काय? नवी चावीच ना!"

जॅरडचा हात आपसूक खिशावर गेला. मला वाटलं, आता ही कप फेकून मारते. पण डल्सीनं एप्रनला हात पुसले, खिळ्यावरची चावी काढली आणि त्याच्या तळहातावर आपटली.

"ने. पण उद्या दुपारी दोनला आम्ही क्लॅरीला पुरून येऊ, तेव्हा दार उघडं ठेव. कप विसळून झाले की तूच कुलूप लाव."